रोबोटचे पहिले चार पेशंट

हिमायतनगरच्या गफूर टेलरच्या मणक्याचं ऑपरेशन नांदेडच्या एका दवाखान्यात रोबोट करणार होता.

"त्याचा हात जरासुद्धा हलत नाही, चाचा," डॉक्टर म्हणाले.

"अन् माझे पाय हलायचे बंद झाले तर? आधीचे पेशंट दाखवा, मगच सही."

डॉक्टरांनी चौघांना बोलावलं. चौघांनी वाकून पायाचे अंगठे धरून दाखवले. पण चाचांची नजर त्यांच्या शर्टांवर. चौघांचं कापड एकाच थानातलं!

"हे तर तुमचेच वॉर्डबॉय हायेत! एकदमच चौघांचे मणके कसे काय गेले?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.


शेवटी त्यातला एक हळूच म्हणाला, "चाचा, रोबोट लिफ्टमध्ये मावंना. आम्हीच चौघांनी त्याला जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर चढवलं."