गोट लावलेला फिल्टर

वडील वारले त्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, ते कापडाची मोठी कात्री हातात घेऊन मुलीच्या गाडीसमोर उभे होते. बॉनेट उघडं होतं. इंजिनाशेजारच्या काळ्या डब्याच्या चारही क्लिपा त्यांनीच काढल्या होत्या, आणि मुलीने आणलेला नवा एअर फिल्टर त्या डब्यात बसत नव्हता. एका बाजूने चांगला बोटभर मोठा होता.

"दुकानदाराने चुकीच्या मॉडेलचा दिला," मुलगी म्हणाली. "आज रविवार, दुकान बंद. तिकडे गेल्यावर बघेन. तोवर जुनाच बसवू."

वडिलांनी जुना फिल्टर दोन बोटांत उचलून तिच्यासमोर धरला. त्यातून धूळ, एक सुकलेलं पान आणि माशीचा पंख पडला. "हे नाकाला बांधून तू दोनशे किलोमीटर जाशील का?"

"मला नाही बांधायचंय. गाडीला बांधायचंय."

"चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. मापात बसत नाही म्हणून माझ्या दुकानातून काही परत गेलेलं नाही."

टेप गळ्यात होतीच. त्यांनी आधी डब्याचं माप घेतलं, मग फिल्टरचं, आणि खडूने रेघ मारली. सवयीने शिलाईसाठी अर्धा इंच सोडला होता. ती रेघ पुसून पुन्हा मारली.

शेजारच्या भिंतीवरून आत्याचं डोकं वर आलं. "दादा, घेर किती ठेवतोयस?"

"तू आत जा."

"जाते. पण थोडं कापड आत दुमडून ठेव हं. पुढच्या वर्षी गाडीने अंग धरलं, तर उसवता येईल."

वडिलांना आपल्याकडे राहायला बोलवायचं, असं ठरवूनच मुलगी काल आली होती. अजून ते जमलं नव्हतं, आणि जेवून तिला निघायचं होतं.

"बाबा, तुमचं आता वय झालं," ती म्हणाली. सुरुवात चुकली हे तिला तिथल्या तिथे कळलं.

"कोणाचा हात थरथरतोय ते बघ." कागदाच्या दाट घड्यांमधून कात्री करकरत रेघेवरून सरळ गेली.

"तसं नाही. एकटे असता. उद्या काही झालं तर..."

"एकटा कुठे? हा भिंतीवरचा रेडिओ बंद होतो का कधी?"

"ऐकू आलं मला," आत्या म्हणाली.

कापलेल्या कडेची रबरी पट्टी गेली होती. आता तिथून धूळ सरळ आत शिरणार, हे वडिलांना कोणी सांगावं लागलं नाही. कोटाच्या कॉलरमध्ये घालतात त्या जाड कॅनव्हासची पट्टी त्यांनी घरातून आणली, पायरीवर बसून फिल्टर मांडीवर घेतला आणि त्याला गोट लावायला सुरुवात केली. मुलगी सुईत दोरा ओवून देत होती.

"तुझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर ना?"

"हो. लिफ्ट आहे."

"उजेड येतो का? नाही म्हणजे, मशीनला... तुला वाचायला वगैरे?"

"मागच्या खोलीत छान येतो."

"ती रिकामीच असते?"

"थोडं सामान आहे."

आत्याने भिंतीवर हनुवटी टेकवली. ती एकदा भावाकडे आणि एकदा भाचीकडे बघत होती.

वडिलांनी पुढचे चार टाके घातले. वर न बघता विचारलं, "तुझं बरं चाललंय ना तिकडे?"

"एकदम मस्त," मुलगी म्हणाली.

"मग झालं तर." त्यांनी गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

फिल्टर डब्यात अंगासरशी बसला. क्लिपा लागल्या. मुलीने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वडील दोन पावलं मागे सरकले आणि ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं मान तिरकी करून गाडीकडे बघत राहिले.

"काखेत जरा घट्ट वाटतंय," आत्या म्हणाली.

पाच आठवड्यांनी मुलीच्या गावी, सर्व्हिसिंगच्या वेळी, मेकॅनिकने तो डबा उघडला आणि हातातला पाना खाली ठेवला.

"ताई, याला गोट कोणी लावलाय?"

"वडिलांनी."

त्याने डब्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. मग तो टाके मोजल्यासारखा बघत बसला. "माझ्या लग्नाच्या कोटाला असं काम नव्हतं. बदलू नका एवढ्यात. जरा ॲक्सिलरेटर द्या, आवाज ऐकतो."

ती आत बसली, गाडी सुरू करून पाय दाबला. इंजिन मोठ्याने घुमायला लागलं. मेकॅनिक बॉनेटखाली कान लावून उभा होता. समोरच्या काचेतून तिला फक्त उघडं बॉनेट दिसत होतं. ती काहीतरी बोलली.

मेकॅनिकने बाजूने डोकं बाहेर काढलं. "मला काही म्हणालात? आवाजात ऐकू नाही आलं."

तिने गाडी बंद केली. गॅरेज एकदम शांत झालं.

"बाबा, चला ना माझ्याकडे," ती म्हणाली, या वेळी स्वच्छ आणि मोठ्याने. "मला इथे एकटीला अजिबात करमत नाही."