दुसरा हात

नगरपालिकेने पेठेतल्या बंद दुकानांत नुसत्या उजेडाचे, होलोग्रामचे दुकानदार बसवले, तशी गर्दी परतली. ते हसून भाव सांगत, माल ड्रोनने घरी येई. वत्सला कासारचं दुकान चालू असूनही तिथे तिची तरुण प्रतिमा बसवली होती. आज वत्सला त्या प्रतिमेच्या मधोमध जाऊन बसली आणि एका नवरीला हिरवा चुडा भरू लागली.

"काकू, उठा. चित्र बिघडतंय. आता बांगड्या तेच विकणार, तुमचं दुकान सील करायचंय," अधिकारी म्हणाला.

"एकच हात भरून नवरीला उठवतात का रे?"

"बरं, दुसरा होऊ द्या. मग लगेच सील."

नवरीबरोबरच्या बायकांनी तिथेच फतकल मारली. तिची आत्या मनगट पुढे करत म्हणाली, "वत्सला, आधी आमचा सगळ्यांचा एकेकच हात भर."