तिसरी बाटली

बाळ गेलं आणि उज्वला बाळंतपणाची रजा अर्धवट टाकून नाशिकच्या प्रयोगशाळेत परतली. निफाडच्या मळ्यांत एके काळी पोत्यांनी उधळलेली कीटकनाशक पावडर बंदी येऊन वर्षं लोटली तरी मातीतून हटत नव्हती. त्या पावडरीवर जगणारे जंतू वाढवायचे, हे उज्वलाचं काम. मातीच्या दोन बाटल्यांशेजारी तिनं तिसरी ठेवली, आत तेच जंतू सोडलेली, काळ्या कागदात गुंडाळलेली.

"यातही तीच पावडर निघाली गं," सोबतची निलोफर, तिसरीतून उज्वलानं काढून दिलेल्या अर्काचा मशीनवरचा निकाल बघून म्हणाली. "कुठला नमुना हा?"

"निफाडचाच. माझ्या माहेरचा."

मग रोज आल्याआल्या उज्वला आधी त्या बाटलीपाशी जायची, निघतानाही पुन्हा एकदा बघून जायची.

आठवड्यानं निलोफरनं हाक मारली, "उज्वला, तिसरीतलं विष पार गेलं! जंतूंनी फस्त केलं बघ सगळं."

उज्वलानं बाटली उचलून उराशी धरली. कागद सुटून खाली पडला. आत माती नव्हतीच, दूध होतं. ओढणीखाली तिचा कुर्ताही ओला झाला होता.

"म्हणजे आता पाजायला हरकत नव्हती," ती म्हणाली. "नाही का गं?"