दाराचा कागद

“तो कागद मागू नकोस,” मोठे साहेब म्हणाले. “तुझ्या भल्यासाठी सांगतोय.”

कारखान्यातला तपासनीस बसलाच नाही. विमानाचं दार हवेत उखडलं, दाराशेजारची बाई जिवानिशी गेली, आणि हे अजून त्या दाराच्या तपासणीचा कागद दडवतायत! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“दाराला चार बोल्ट लागतात, साहेब. अवशेषांत सापडली ती नुसती भोकं. बोल्ट कधी बसवलेच नव्हते. तरी कुणीतरी ‘तपासलं’ म्हणून शिक्का मारलाय. कुणी, ते लोकांना कळू दे.”

“हट्ट सोड.”

“धमकी देताय?”

साहेब चष्मा पुसत राहिले.

बावीस वर्षं त्याच्या गळ्यात त्याचा स्वतःचा, बेचाळीस नंबरचा शिक्का होता. त्या दोरीला त्याने कधी कुणाला हात लावू दिला नाही. दारं घाईघाईत बसवली जातायत, हे तो वर्षभर घसा कोरडा करून सांगत होता. कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता त्याने थेट चौकशी समितीकडे अर्ज केला. कागद भर सुनावणीत, सगळ्यांसमोर उघडायचा.

घरी बायको करवादली. “याच कंपनीसाठी जीव टाकायचात ना? सासूबाईंच्या ऑपरेशनला दुपारी उगवलात. का, तर मागे काम अडू नये म्हणून गठ्ठाभर कागदांवर शिक्के मारत बसला होतात! चांगले पांग फेडले कंपनीने!”

“तेव्हा ती कंपनी होती. आता चोरांची टोळी आहे.”

सुनावणीला त्या बाईचे म्हातारे वडील आले होते. तो मुद्दाम त्यांच्याशेजारी जाऊन बसला.

“काका, आज त्या नालायकाचा नंबर तुम्हाला दाखवतो. शब्द देतो.”

म्हातारबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

समितीच्या अध्यक्षबाईंनी पाकीट फोडलं. कागद पडद्यावर आला. चार बोल्टांसमोर कुणीतरी घाईघाईत चार खुणा ओढल्या होत्या. वरती तारीख होती. आईच्या ऑपरेशनची. खाली जांभळा, ठसठशीत, नीट सरळ मारलेला शिक्का.

म्हातारबांनी डोळे बारीक केले. त्याचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.

“बेचाळीस,” त्यांनी वाचलं. “हा कोण हो?”