गुरुवारचं मंगळसूत्र

हेमलता दर गुरुवारी गिंडीला सालसा शिकायला जायची. निघताना मंगळसूत्र देव्हाऱ्यात काढून ठेवायची. "बसमध्ये गळ्यातलं ओढतात हो," म्हणायची. सुरुवातीला दोन-तीनदा म्हणाली, "तुम्हीही चला ना, जोडीनं शिकू." मी म्हणालो, "अंबत्तूरच्या कामावरून दमून येतो मी. तूच नाच."

ती वारली, त्याला महिना झाला. तिचे नाचाचे बूट कुणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून काल ते घेऊन क्लासला गेलो. स्वयंपाक करताना ती गुणगुणायची, तेच स्पॅनिश गाणं तिथे चालू होतं. शिकवणाऱ्या श्रीलक्ष्मीला बातमी सांगितली. तिनं सीडी बंद केली आणि ती रडायलाच लागली.

"हेमाअक्का किती हसायच्या इथे! असो. आता नवऱ्याची तरी भेट झाली असेल. चार वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून एकट्याच होत्या ना बिचाऱ्या." मग डोळे पुसून तिनं मला विचारलं, "अंकल, तुम्ही त्यांचे कोण?"



बूट तिच्या हातात देत मी म्हणालो, "शेजारी."