फणसाचं युकुलेले

बाबल मेस्त्रींनी पडवीतल्या झोपाळ्याच्या फळीवर टिचकी मारली आणि कान लावला. पन्नास वर्षं वाळलेला फणस. असा आवाज शेडमधल्या एकाही लाकडाला नव्हता.

"फणसाचं युकुलेले वाजेल का हो?" शाळेतल्या संगीताच्या बाईंनी विचारलं.

"गिटारीचं धाकटं भावंडच ना ते? वाजेल की. अर्धी फळी कापावी लागेल, एवढंच."

झोपाळ्यावर डावीकडे मेस्त्री बसत, उजवीकडे त्यांची बायको. ती गेल्याला दोन वर्षं झाली, तरी तिच्या बाजूला त्यांनी साधा पंचासुद्धा कधी ठेवला नव्हता. संगीताच्या बाई शाळेत परतल्यावर त्यांनी करवत डावीकडे लावली.

उरलेली अर्धी फळी त्यांनी कड्या ठोकून उजवीकडेच टांगली. मग बसायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून पहिल्यांदा तिच्या जागेवर बसले.

"काम ना धाम, नुसती रस्ता बघत बसतेस," असं ते तिला आयुष्यभर चिडवत आले होते. तिथून रस्ता दिसतच नव्हता, खांब आड येत होता. दिसत होती फक्त शेडची खिडकी, आणि खिडकीत त्यांचं कामाचं रिकामं स्टूल.