खात्रीसाठी

नैरोबीतल्या त्या मोबाइल हेल्पलाइनवर मुलींना पारखायला कंपनी स्वतःच खोटे ग्राहक सोडायची. आवाज चढला की नोकरी गेली. त्यामुळे आवुओरला प्रत्येक फोनचा संशय यायचा.

"पोरी, माझा मोबाइल वाजतच नाही बघ," एक म्हातारी म्हणाली.

ही नक्की कंपनीची! आवुओरने आवाजात मध ओतला. "तपासलं हं, मावशी. लाइन ठणठणीत आहे."

"मग लेकच फोन करत नसणार."

"आणखी काही मदत करू?"

"नको गं. सकाळपासून लावतेय, दरवेळी भलतीच पोर लागायची. एरवी वसकन अंगावर येतेस, इथे किती मायेनं बोलतेस! आईचा आवाज नाही ओळखलास?"

आवुओरला आवाज आईचाच वाटला. पण कंपनी कुठल्या थराला जाईल, याचा नेम नव्हता. तिने तितक्याच गोडीने विचारलं, "खात्रीसाठी आपली जन्मतारीख सांगाल, मावशी?"